जन्माआधीच हजर झालेला जेडाय: स्टार वॉर्समध्ये 'खरं' काय धरायचं?

जून २०२४. 'द अ‍ॅकोलाइट' या स्टार वॉर्स मालिकेचा चौथा भाग आम्ही हॉटस्टारवर बघत होतो. पडद्यावर जेडायांची बैठक चाललेली. तेवढ्यात बसलेल्यांमध्ये सुळक्यासारखं उंच डोकं असलेला एक जेडाय दिसला आणि भाच्याने माझ्या हातातून रिमोट ओढून चित्र थांबवलं. "मामा, हा इथे कसा? हा तर अजून जन्मलाच नाहीये!" त्याचा आवाज इतका चढला होता की बहीण स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "कोण जन्मला नाहीये?"

तिला ते समजावता समजावता रात्रीचं जेवण गार झालं. मालिकेचे आठच भाग आले, ऑगस्टमध्ये ती बंद झाल्याची बातमीही आली, पण त्या एका चेहऱ्यावरून पेटलेला वाद अजून विझलेला नाही. ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही, त्यांना तो वाद वेडगळ वाटतो. मला तसं वाटत नाही. म्हणून त्या रात्री बहिणीला जे सांगितलं, ते इथे जरा नीट लावून सांगतो.

थोडी पार्श्वभूमी

स्टार वॉर्सचा पहिला चित्रपट मे १९७७ मध्ये आला. दूरच्या एका आकाशगंगेत 'फोर्स' नावाची शक्ती सगळ्या सजीवांमधून वाहते. ती संयमाने वापरणारे ते जेडाय, आणि राग, भीती, हाव यांच्या जोरावर वापरणारे ते सिथ. अंतराळयानं आहेत, यंत्रमानव आहेत, पण मूळ पिंड विज्ञानकथेचा नाही, अद्भुतकथेचा आहे. गुरू-शिष्य, शाप, भविष्यवाणी, तेजाची तलवार, सगळं तेच.

या विश्वातली कालगणना पहिल्या चित्रपटातल्या यावीनच्या लढाईपासून होते. आपल्याकडे शालिवाहन शक तसा त्यांचा हा शक: लढाईच्या आधी इतकी वर्षं, लढाईनंतर इतकी वर्षं. १९९९ मध्ये आलेल्या 'द फँटम मेनेस' या चित्रपटाची कथा लढाईच्या ३२ वर्षं आधीची, आणि 'द अ‍ॅकोलाइट' त्याच्याही आणखी शंभर वर्षं मागे जाते. म्हणजे १३२ वर्षं आधी. जेडाय तेव्हा सत्तेच्या शिखरावर आहेत आणि सिथ फार पूर्वीच संपले असं सगळे मानतात. अशा काळात एक मुलगी जेडायांना एकेक करून मारत सुटते. तिचं नाव मे. तिची जुळी बहीण ओशा ही एकेकाळी जेडायांची विद्यार्थिनी. जुळ्यांची दोन्ही कामं अमांडला स्टेनबर्गने केली आहेत आणि ओशाचा जुना गुरू सोल झालाय कोरियन अभिनेता ली जंग-जे.

भाच्याने ओळखलेला जेडाय म्हणजे की-आदी-मुंदी. 'द फँटम मेनेस'मध्ये तो जेडायांच्या मंडळावर बसलेला आहे. जुन्या माहितीप्रमाणे त्याचा जन्म लढाईच्या ९२ वर्षं आधीचा. मग १३२ वर्षं आधी, स्वतःच्या जन्माच्या चाळीस वर्षं अगोदर, तो बैठकीला कसा?

'लोअर' आणि 'कॅनन'

पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टीच्या मागे जो न दिसणारा पसारा असतो (घराणी, युद्धं, पंथ, ग्रह, कोणाचा गुरू कोण) त्याला चाहते 'लोअर' म्हणतात. आपल्या पुराणांतल्या वंशावळींसारखंच ते. आणि त्या पसाऱ्यातलं अधिकृतपणे खरं काय धरायचं, त्याला 'कॅनन'. कॅनन हा मूळचा धर्मग्रंथांच्या बाबतीतला शब्द. गोष्टींच्या बाबतीत तो शेरलॉक होम्सच्या चाहत्यांनी रुळवला. खुद्द कॉनन डॉयलने लिहिलेल्या ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या तेवढ्या प्रमाण, बाकीच्यांनी लिहिलेलं कितीही चांगलं असलं तरी बाहेर.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटायचं कारणच नाही. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली ती कशासाठी? तीनशे वर्षांत नकला करताना लोकांनी पदरच्या ओव्या घातल्या होत्या, शब्द बदलले होते. नाथांनी पाठ नक्की केला आणि पुढच्यांना बजावून ठेवलं की यात जो स्वतःची ओवी घालेल, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या बाबतीत हेच काम १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं केलं. बाराशेहून जास्त हस्तलिखितं ताडून पाहिली. गणपतीने महाभारत लिहून घेतलं ही आपली लाडकी गोष्ट त्या चिकित्सक आवृत्तीच्या मूळ पाठात नाही, ती परिशिष्टात गेली आहे. तरी गणेशोत्सवात ती गोष्ट सांगायचं कोणी थांबलेलं नाही आणि थांबूही नये.

प्रमाण पाठ एकीकडे, प्रक्षिप्त भाग दुसरीकडे, आणि दोन्हींवर प्रेम करणारी माणसं तीच. स्टार वॉर्समध्ये नेमकं हेच झालं, फक्त ते फार झपाट्याने झालं.

२०१४ मध्ये काय घडलं?

१९७८ पासूनच चित्रपटांबाहेर कादंबऱ्या निघू लागल्या होत्या. १९९१ मध्ये टिमोथी झान यांची 'एअर टू द एम्पायर' ही कादंबरी आली आणि पुस्तकांचा पूरच लोटला. चित्रपट १९८३ मध्ये थांबले होते, पुढचं कोणी दाखवत नव्हतं, त्यामुळे लोकांनी पुढची गोष्ट पुस्तकांतच वाचली. चित्रपटांचा नायक ल्यूक आणि त्याची बहीण लेया यांची आपापली लग्नं, मुलं, नवे शत्रू, लाडक्या च्युबॅकाचा मृत्यू, सगळं तिथे झालं. या साहित्याला 'एक्स्पांडेड युनिव्हर्स', म्हणजे विस्तारित विश्व, म्हणत. सगळ्यांचा मेळ राखायला लुकसफिल्म या स्टार वॉर्सच्या निर्मात्या कंपनीने २००० मध्ये एक माहितीकोश सुरू केला. तो सांभाळायला लीलँड ची नावाचा माणूस नेमला. अधिकाराच्या पायऱ्याही ठरलेल्या होत्या: स्टार वॉर्सचे जनक जॉर्ज लुकस यांचे चित्रपट सगळ्यात वर, मग दूरचित्रवाणी, मग पुस्तकं-कॉमिक्स. वरच्याने खालच्याला खोडलं तर खालच्याने मुकाट्याने वाट द्यायची.

ऑक्टोबर २०१२ मध्ये डिस्नीने लुकसफिल्म चार अब्ज डॉलरहून जास्त किमतीला विकत घेतली. नवे चित्रपट काढायचे होते, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांची गोष्ट तर पुस्तकांनी आधीच व्यापलेली. २५ एप्रिल २०१४ रोजी कंपनीने जाहीर केलं की तोवरचे चित्रपट आणि 'क्लोन वॉर्स' ही अ‍ॅनिमेशन मालिका प्रमाण. विस्तारित विश्वातल्या बाकी सगळ्यावर यापुढे 'लेजेंड्स', म्हणजे दंतकथा, असा शिक्का असेल. त्या दिवसापासून नवं येणारं सगळं, पुस्तक असो वा मालिका, एकाच पातळीवर प्रमाण.

व्यवहार म्हणून निर्णय पटण्यासारखा होता. पण ज्याने वीस वर्षं पदरमोड करून पुस्तकं जमवली, त्याला एका सकाळी सांगितलं गेलं की तू वाचलंस ते घडलंच नाही. हे दुखणं समजून घेतल्याशिवाय आजचे वाद कळणार नाहीत. नवी मालिका आली की लोक जन्मसाली तपासत बसतात, कारण एकदा त्यांच्या पायाखालची सतरंजी ओढली गेलेली आहे.

तेव्हा एक दार उघडंही ठेवलं होतं. लेजेंड्समधलं हवं ते नव्या लेखकांनी घ्यावं, मोकळीक होती. झान यांच्या कादंबरीतला निळ्या त्वचेचा, थंड डोक्याचा सेनापती थ्रॉन २०१६ मध्ये 'रेबेल्स' या अ‍ॅनिमेशन मालिकेतून परत आला. २०२३ मध्ये 'अहसोका' मालिकेत तो हाडामांसाचा दिसला. दंतकथेतून निघून प्रमाण पाठात जागा मिळवणारा माणूस! राजधानीचा ग्रह कोरुसांट, त्याचं नावही त्याच कादंबरीतून चित्रपटांत आलं.

'रेटकॉन': मागे जाऊन घातलेला टाका

आणखी एकच शब्द. नवी गोष्ट जुन्या गोष्टीचा अर्थ मागाहून बदलते तेव्हा त्याला 'रेटकॉन' म्हणतात. हा शब्द अमेरिकन कॉमिक्सच्या जगातून आला.

पुष्कळांना वाटतं की रेटकॉन म्हणजे लबाडी. पण स्टार वॉर्समधला जगाला सगळ्यात जास्त आवडलेला धक्का रेटकॉनच आहे. १९७७ च्या चित्रपटात म्हातारा जेडाय ओबी-वान ल्यूकला सांगतो की डार्थ वेडरने, म्हणजे चित्रपटाच्या खलनायकाने, तुझ्या वडिलांना मारलं. १९८० च्या चित्रपटात वेडर सांगतो की मीच तुझा बाप. ओबी-वान खोटं बोलला? १९८३ च्या चित्रपटात तो सारवासारव करतो की एका दृष्टीने पाहिलं तर मी सांगितलं ते खरंच होतं, आतला चांगला माणूस वेडरने मारलाच होता. हा टाका इतका सुंदर बसला की त्याने दोन माणसांची संपूर्ण गोष्ट खोल केली. ओबी-वान आता नुसता ज्ञानी म्हातारा राहिला नाही, एक अपराध मनात बाळगणारा माणूस झाला.

टाका उसवलेला राहिल्याचं उदाहरणही चित्रपटांतच आहे. १९८३ मध्ये लेया सांगते की तिला तिची खरी आई थोडीशी आठवते. २००५ च्या चित्रपटात ती आई बाळंतपणातच जाते. तेव्हा पूर्वी सगळं चोख होतं आणि आता बिघडलं, असं जे म्हणतात, त्यांनी हे दृश्य पुन्हा पाहावं.

मग मुंदीचं काय?

सोपा भाग आधी. ९२ हे जन्मसाल लेजेंड्सच्या काळातल्या साहित्यातलं होतं, कुठल्याही चित्रपटात ते येत नाही. २०१४ नंतर ते बंधनकारक राहिलंच नव्हतं. भाच्याला हे सांगितल्यावर तो पाच मिनिटं गप्प बसला आणि मग खरा प्रश्न घेऊन आला. तो प्रश्न मला आजही दमदार वाटतो.

'द फँटम मेनेस'मध्ये सिथ परत आल्याची बातमी मंडळासमोर येते तेव्हा अशक्य म्हणून ती उडवून लावणारा मुंदीच आहे. सिथ हजार वर्षांपूर्वीच नामशेष झाले, असं तो ठामपणे सांगतो. मग शंभर वर्षं आधी याच बैठकीत त्याने जे प्रकरण ऐकलं, ते तो विसरला?

मालिकेचं उत्तर शेवटच्या भागापर्यंत थांबलं तरच मिळतं. मे हिला शिकवणारा काळा मुखवटाधारी चिमीर स्वतःला सरळ सिथ म्हणवत नाही. तुम्ही जेडाय मला बहुधा सिथ म्हणाल, इतकंच बोलतो. त्याला प्रत्यक्ष भिडलेले जेडाय बहुतेक सगळे मरतात. आणि त्याला ओळखणारी, एकेकाळची त्याची जेडाय गुरू व्हर्नेस्ट्रा, सिनेटपुढे सगळ्या खुनांचं खापर मेलेल्या सोलवर फोडते आणि प्रकरण मिटवते. म्हणजे मुंदी पुढे जे बोलतो ते अज्ञानातून बोलतो. ते अज्ञान त्याच्याच संस्थेने कागद दडपून तयार केलेलं आहे.

मला हा टाका आवडला. तोवर मुंदीचं ते वाक्य नुसतं पोक्त माणसाचं बोलणं वाटायचं. आता त्यामागे एक गाडलेली फाइल दिसते. सरकारी चौकशीचा अहवाल एकदा 'दप्तरी दाखल' झाला की शंभर वर्षांनी त्या खात्यातला प्रामाणिक माणूसही शपथेवर सांगेल की असं काही झालंच नव्हतं.

"पण अनाकिनचं वेगळेपण गेलं, त्याचं काय?"

हा दुसरा आक्षेप, आणि यात भावना जास्त आहेत. पुढे वेडर होणारा अनाकिन बापाशिवाय जन्मला, असं त्याची आई १९९९ च्या चित्रपटात सांगते. भविष्यवाणीतला तो 'निवडलेला' तोच. आणि आता मालिका म्हणते की ब्रेंडॉक ग्रहावरच्या एका स्त्री-पंथाने फोर्सच्या बळावर ओशा आणि मे यांना निर्माण केलं. तेही शंभर वर्षं आधी.

इथे एक जुना धागा आठवावा लागतो. २००५ च्या चित्रपटात पुढे सम्राट होणारा पॅल्पटीन अनाकिनला डार्थ प्लेगस नावाच्या सिथची गोष्ट सांगतो. फोर्सच्या साहाय्याने जीव निर्माण करण्याची विद्या त्याला साधली होती. आता 'द अ‍ॅकोलाइट'च्या शेवटच्या भागात काय दिसतं? एका गुहेच्या तोंडाशी, अंधारात, लांब बोटांची एक आकृती ओशा आणि चिमीरवर नजर ठेवून आहे. मालिकेच्या निर्मात्या लेस्ली हेडलंड यांनी नंतर तो प्लेगसच असल्याचं सांगितलं. म्हणजे त्या विद्येचा उगम कुठे असावा याकडे मालिका बोट दाखवते. कर्ण कुंतीला मंत्राने झाला म्हणून पुढे मंत्रानेच झालेला अर्जुन कमी ठरत नाही. जन्म कसा झाला ही सुरुवात, पुढे त्या माणसाने काय केलं ही गोष्ट.

इथे मी मालिकेची पूर्ण बाजू मात्र घेणार नाही. सिथांचा नियम आहे की एका वेळी दोघेच, एक गुरू आणि एक शिष्य. प्लेगस आणि चिमीर गुरू-शिष्य असतील तर चिमीर ओशाला शिष्या का करतो? गुरूला मारायच्या बेतात आहे म्हणून? असेलही. पण ते मालिकेने सांगितलेलं नाही, आपण भरून घेतो आहोत. शेवटच्या भागासाठी राखून ठेवलेल्या चार-पाच गोष्टी आधी यायला हव्या होत्या. आठ भागांतला वेळ कुठे गेला हा प्रश्न न्याय्य आहे.

"एवढं घरी शिकून मालिका बघायची का?"

हा बहिणीचा आक्षेप. उत्तर नाही असंच आहे, आणि शेवटच्या भागातला एक प्रसंग त्याला साक्षीला पुरेसा आहे.

ओशाला कळतं की तिच्या आईला सोलनेच मारलं होतं आणि इतकी वर्षं लपवलं. ती हात उगारते, फोर्सने त्याचा गळा आवळते. सोल प्रतिकार करत नाही. त्याचंच लाइटसेबर, म्हणजे ती तेजाची तलवार, तिच्या हातात येतं आणि त्याचं निळं पातं बघता बघता लाल होत जातं. बहिणीला काहीही माहीत नव्हतं, तरी ती पुटपुटली, "गेली बिचारी."

आता त्यामागचं लोअर. लाइटसेबरमध्ये कायबर नावाचा स्फटिक असतो. लेजेंड्समध्ये सिथांचे लाल स्फटिक भट्टीत तयार केलेले, कृत्रिम असत. नव्या प्रमाण विश्वात कायबर जवळपास सजीव आहे. सिथ आपला राग आणि वेदना त्यात ओततो तेव्हा तो स्फटिक जखमी होऊन लाल होतो. त्याला स्फटिकाचं रक्ताळणं म्हणतात. पुस्तकांत आणि कॉमिक्समध्ये ते आधी आलेलं होतं, कलाकारांसह चित्रित झालेल्या स्टार वॉर्समध्ये ते पहिल्यांदा इथे दिसलं. माहीत नसणाऱ्याला एक मुलगी कोसळताना दिसली. माहीत असणाऱ्याला तिच्याबरोबर एक दगडही रडताना दिसला. लोअर असं असावं. नसलं तरी अडू नये, असलं तर डोळे भरून यावेत.

"हे सगळे भांडखोर एकाच माळेचे मणी"

नाहीत. या मालिकेला झालेल्या विरोधाचा एक भाग लोअरशी संबंधितच नव्हता. मुख्य भूमिकेत कृष्णवर्णीय अभिनेत्री, निर्माती स्त्री, हे ज्यांना खुपलं त्यांनी जन्मसालांचा आधार घेतला. मालिका बंद झाल्यावर स्टेनबर्ग स्वतः या द्वेषाबद्दल जाहीरपणे बोलली. मुंदीचं साल विचारणारा शाळकरी पोरगा आणि अभिनेत्रीला शिव्या घालणारा माणूस यांना एका ओळीत बसवणं हा त्या पोरावर अन्याय आहे.

फरक ओळखायची माझी साधी खूण अशी. ज्याला गोष्टीवर प्रेम आहे तो उत्तर मिळालं की खूष होतो आणि पुढचा प्रश्न घेऊन येतो. ज्याला उत्तर नकोच असतं तो प्रत्येक उत्तरावर चिडतो.

जमलेलं एक उदाहरण

टाके घालायची चांगली पद्धत पाहायची असेल तर 'अँडोर' या दुसऱ्या स्टार वॉर्स मालिकेचा २०२५ मधला दुसरा हंगाम पाहा. घोरमन ग्रहावरच्या हत्याकांडाची प्रकाशनांमध्ये दोन वर्णनं होती. जुन्या लेजेंड्समध्ये टार्किन नावाचा अधिकारी निदर्शकांवर थेट यान उतरवून त्यांना चिरडतो. 'रेबेल्स'मध्ये त्याच नावाचं हत्याकांड कित्येक वर्षांनी घडतं आणि त्याचा निषेध करून सिनेटर मॉन मॉथमा साम्राज्याविरुद्धच्या बंडात उतरते. 'अँडोर'ने दोन्ही ठेवली. यानाची घटना आधीची, शहरातल्या चौकात तिचं स्मारक आहे. त्याच चौकात, त्याच स्मारकाभोवती, दुसरं हत्याकांड होतं. एक नाव, दोन जखमा. परस्परविरोध होता तो लोकांच्या आठवणीचा थर झाला. आणि ज्याने आधीचं काहीच वाचलेलं नाही त्याला फक्त एक चौक दिसतो, जिथे लोक फुलं ठेवतात.

प्रमाण पाठ सांभाळणं म्हणजे हे. तारखा जुळवणं त्यात येतं, पण जुळवताना जुन्या वाचकाने जे मनात जपलंय त्याला जागा काढून देणं हे त्याहून अवघड काम आहे. २०१४ मध्ये ती जागा काढली गेली नाही असं पुष्कळांना वाटतं. थ्रॉन आणि घोरमन पाहिल्यावर मला वाटतं की ती हळूहळू काढली जातेय.

'द अ‍ॅकोलाइट'चा दुसरा हंगाम येणार नाही. तिची माणसं पुस्तकांत मात्र जिवंत आहेत. व्हर्नेस्ट्रा तर मुळात पुस्तकांतूनच मालिकेत आली होती. मे २०२५ मध्ये तिची आणि इंदारा या जेडायची आधीची कथा सांगणारी कादंबरीही निघाली. पण मालिकेचं शेवटचं दृश्य तसंच लटकून आहे. व्हर्नेस्ट्रा एका खोलीत शिरते. समोर पाठमोरे, लांब कानांचे, बुटके योडा, जेडायांचे थोर गुरू. आपल्याला बोलायला हवं, असं ती म्हणते आणि पडदा काळा होतो.

ती योडांना काय सांगते? पुढेमागे कोणी लिहायला बसलंच, तर त्याला १९९९ मधल्या मुंदीच्या त्या एका वाक्याच्या आत राहूनच लिहावं लागेल. भाचा आता अकरावीत आहे. त्याने त्याच्या वहीत त्या संवादाच्या तीन आवृत्त्या लिहून ठेवल्यात. तिन्हींत ती अर्धंच सांगते.